हार तुम्हीच काढायचा

माण, ता. मुळशी
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आईंना,

क्षितिजाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही मामांकडे बऱ्या असाल. वाडीवर भात कापायला आलं असेल. वाकून कापायची हौस करू नका. पाठ धरली की कण्हत पडता आणि कुणाला सांगतही नाही. मामांकडे माणसांची वाण नाही.

पत्र बघून हसाल. पण करू काय? फोन करावा तर तो मामींच्या सुनेच्या हातात, आणि ती म्हणते, "आत्या शेतात हायेत." सकाळी शेतात, दुपारी शेतात, दिवेलागणीलाही शेतात. एवढं शेत मामांकडे कधी झालं कोण जाणे. म्हणून लिहायला बसले. असलमभाई पौडहून खारी-टोस्ट घेऊन तिकडे तुमच्या कोळवणला जातात, त्यांच्या टेम्पोनं पत्र पाठवतेय. वर वाडीपर्यंत चढून तुमच्याच हातात देईन म्हणालेत. त्यांना चहा पाजा, साखर कमी.

पाकिटावर नाव घालायला बसले तेव्हा ऋषी म्हणाला, आईच्या नावाआधी गं. भा. लिहायची पद्धत आहे. मी म्हटलं, असेल. मी तीर्थरूप लिहिलंय, त्यात सगळं आलं.

आधी घरची खबर. तुळशीला पाणी रोज घालते. मनी तुमच्या खाटेवरून हलत नाही. हाकललं की माझ्याकडे असं बघते, जणू घर तिचं आणि मी भाडेकरू. ऋषी दोन्ही वेळा जेवतो, पण पहिल्या घासाला 'आई असती तर' असं काहीतरी पुटपुटतो आणि मला ऐकू गेलं का ते बघतो. भाजणी भाजली. धने जरा करपले, तुमच्यापासून लपणार नाही म्हणून आधीच सांगून टाकते. आज दळून आणली. गिरणीत जे झालं ते सांगायचंच आहे, पण ते नंतर. नाहीतर मधलं सगळं सोडून तुम्ही तेच वाचत बसाल.

आता मुख्य बातमी. गेज चालू झालं.

एका ओळीत लिहिलं की काहीच घडलं नाही असं वाटतं. पण काल सकाळी मी आपल्या वर्कशॉपात, म्हणजे तुमच्या जुन्या गोठ्यात, एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्यात. ऋषी लेथ बंद करून धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

गेज म्हणजे कोणतं ते तुम्हाला माहीत आहेच. तळहाताएवढं, उभ्या दांड्यावर बसवलेलं, तुम्ही ज्याला 'क्षितूचं मीटर' म्हणता ते. आणलं त्या दिवशी मी तुमची पाटली काढून घेऊन त्याच्या सुईखाली ठेवली होती आणि समोर कॉम्प्युटरवर आकडा उमटला होता. तुम्ही म्हणाला होतात, "एवढ्याशा सुईला कसं गं कळतं?" मग शेजारच्या चार जणींना बोलावून पुन्हा मोजायला लावलं होतंत. मी वैतागले होते, पण मनातून मला ते फार आवडलं होतं.

ते बंद पडलं आणि त्यापायी या घरात काय काय झालं, हे मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचं होतं. तुम्ही तेवढी उसंत दिली नाहीत.

सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला यातलं निम्मं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही.

पिरंगुटच्या कंपनीनं आपल्याला बुश, म्हणजे त्या छोट्या लोखंडी कड्या, बनवून द्यायला सांगितले होते. बनवायचं काम ऋषीचं, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांची अट मोजणीची होती. हातानं लिहिलेला आकडा चालणार नाही, गेजमधून वायरीनं थेट कॉम्प्युटरात उतरलेलाच पाहिजे. त्यांच्या मॅडम शुक्रवारी स्वतः येऊन, शेजारी उभं राहून मोजणी बघणार होत्या. पटलं तर त्यांचं मोजणीचं सगळं काम कायमचं आपल्याकडे. नाही पटलं तर नमस्कार.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत गेज शहाण्यासारखं चालत होतं.

दसऱ्याला आपण सगळ्या वायरी काढून गुंडाळून ठेवल्या, टेबल पुसलं, लेथ पुसली. पूजा तुम्ही करायची हा हट्ट माझा. गोठा तुमचा, जागा तुम्ही दिलीत, दादा गेले, तुम्ही एकट्या पडलात, तरी हे वर्कशॉप उभं राहिलं ते तुमच्या जिवावर. मग पूजेला मी का बसू? तुम्ही पुष्कळ आढेवेढे घेतलेत. शेवटी बसलात, पण कुंकवाचा करंडा बाजूला सारलात. म्हणालात, "त्याला माझा हात नको. गंधफूल वाहते." मी म्हटलं, मग माझाही नको. करंडा तसाच घरात नेऊन ठेवला. लेथला गंध, गेजला गंध, अक्षता नुसत्या पांढऱ्या, आणि सगळ्यांना झेंडूचे हार. गेजला तुम्ही इतका मोठा हार घातलात की पुढून गेज आणि मागून नुसती फुलं दिसत होती. मग दार नुसतं लोटून आपण सोनं वाटायला गावात गेलो.

हे कुंकवाचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी वायर जोडली. गेजचा हिरवा दिवा लागला. कॉम्प्युटरवर मात्र पाटी आली, यंत्र सापडत नाही. समोर ढिम्म बसलंय, दिवा लावून बसलंय, आणि हा म्हणतो सापडत नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर दुसऱ्या भोकात घातली. तिसऱ्या भोकात घातली. गेजवाल्यांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअर निकालके वापस डालिए." काढलं, घातलं. "मॅडम, अब ड्रायव्हर निकालके वापस डालिए." तेही काढलं, घातलं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, यंत्र इधर भेज दीजिए, देखके बताएंगे." म्हणजे दिवाळी तिकडेच. मी त्याला काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग शेजारच्या धोंडाकाकींच्या खोलीत राहणाऱ्या स्वानंदला बोलावलं. तो अकोल्याचा, हिंजवडी फेज थ्रीमधल्या ऑफिसात जातो तो. बिचारा सुट्टी सोडून लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या लॅपटॉपवरही तीच पाटी. पण तो डोक्यानं चांगला आहे. म्हणाला, "वहिनी, एक गोष्ट क्लिअर झाली. तुमचा कॉम्प्युटर निर्दोष आहे. दिवा लागतोय म्हणजे करंटपण जातोय. फक्त दोघांचं बोलणं होत नाहीये." वायर खराब असेल म्हणून त्यानं हिंजवडीहून नवी आणून दिली. तीही जोडली. दिवा लागला, बोलणं नाही.

काकी दारातून हे सगळं बघत होत्या.

आता मंगळवार. तुम्ही सकाळीच पिशवी भरलीत आणि म्हणालात, भावाकडे भात कापायला आलंय, जाऊन येते. दारात थांबलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "क्षितू, त्या मीटरवरचा माझा हार तेवढा काढून टाक. गुण येईल." मी म्हटलं, हाराचा काय संबंध? तुम्ही पदर सावरलात आणि बसस्टॉपकडे चालायला लागलात.

आई, मंगळवारी भात कापायला आलेलं नव्हतं. ऋषीनं मामांना विचारलं, मामा म्हणाले अजून हिरवं आहे. मामांना खोटं बोलता येत नाही, त्यांना आधी शिकवून ठेवायचं होतं.

तुम्ही का गेलात ते मला बुधवारी कळलं. सायली सांगून गेली, गिरणीवाल्याची सून. सोमवारी तुम्ही गव्हाचा डबा घेऊन गेला होतात, गिरणीत दिवाळीची गर्दी होती, आणि धोंडाकाकी तुमच्याकडे पाठ करून, पण तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इधवेच्या हातची पूजा. मग यंत्र बंद पडंल न्हाईतर काय व्हईल." तुम्ही डबा तिथेच ठेवून घरी आलात. मी डब्याचं विचारलं तर म्हणालात, लाइट गेलीय. मी म्हटलं बरं. आणि त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत, तर मी म्हटलं उपास असेल.

मला इतका राग आला की काकींच्या दारात जाऊन उभीच राहणार होते. ऋषीनं हाताला धरलं. म्हणाला, "आत्ता भांडलीस तर सगळ्यांना वाटेल की खरंच काहीतरी आहे. आधी यंत्र चालू कर. मग बोल." तो कमी बोलतो पण कधी कधी बरोबर बोलतो. त्या क्षणापासून मला कंपनीच्या कामाचं कमी आणि तुमचं जास्त पडलं. काम काय, आज नाही उद्या मिळेल. पण गेज तसंच बंद राहिलं असतं तर माणमध्ये तुमच्या हाताला लागलेला बोल कुणी पुसला नसता, आणि तुम्ही स्वतःही तो खरा धरून बसला असता.

म्हणून हार काढला नाही. मुद्दाम. समजा मी हार काढला असता आणि योगायोगानं गेज चालू झालं असतं, तर तुम्ही मरेपर्यंत म्हणाला असता, बघ, माझाच हार. तेव्हापासून मी हाराला बोटही लावलं नाही. वायर बदलायची तर फुलांखालून हात घालून, चाचपत बदलली.

आता काल सकाळ. शुक्रवार. मॅडम यायच्या होत्या, आणि गेज दिवा लावून गप्प.

शेवटचा उपाय म्हणून मी प्रिंटरची वायर काढली. प्रिंटरच्या वायरीचं तोंड आणि गेजच्या वायरीचं तोंड सारखंच असतं, चौकोनी. ती हाराखालून गेजला लावली. आणि हाताला काहीतरी खटकलं. प्रिंटरमध्ये ती वायर घातली की 'खट' असा बारीक आवाज येतो आणि ती घट्ट बसते. गेजमध्ये खट झालंच नाही. पुन्हा प्रिंटरला लावली, खट. पुन्हा गेजला, काही नाही.

आई, मी पोटापाण्यासाठी वस्तू मोजते. जगातली कुठलीही वस्तू दिली तर मोजून देईन, आणि इतके दिवस ती वायर मात्र मोजायची सुचली नव्हती. प्रिंटरला लावून वायरीवर पेननं रेघ मारली, कुठवर आत जाते त्याची. मग गेजला लावली. रेघ बाहेरच. व्हर्नियर लावलं तर वायर दीड मिलिमीटरच्या जरा वर बाहेर राहत होती. म्हणजे आत काहीतरी होतं. करंटच्या पट्ट्या लांब असतात म्हणून त्या टेकत होत्या आणि दिवा लागत होता. बोलण्याच्या पट्ट्या आखूड, त्या पोचतच नव्हत्या.

तेव्हा पहिल्यांदा मी हार वर उचलला. काढला नाही, नुसता उचलला, आणि मोबाइलची बॅटरी मारली.

गेजच्या पुढच्या बाजूला तुमचं पांढरं गंध होतं, सुकलेलं, जिथे तुम्ही लावलं तिथेच. आणि मागच्या बाजूला हळदीची दोन बोटं आणि कुंकवाची दोन बोटं. वायरीच्या भोकात, तळाशी, एक दाणा चिकटून बसलेला. लाल.

आपण कुंकवाचा करंडा उघडलाच नव्हता. तुमच्या अक्षता पांढऱ्या. मग हा लाल दाणा कुणाचा?

बांगडीतली सेफ्टी पिन काढली, वायरी सगळ्या सोडवल्या, आणि हळूहळू कोरून तो दाणा बाहेर घेतला. ओल्या कुंकवात भिजवलेला होता, वाळून घट्ट झाला होता. कोरड्या ब्रशनं भोक साफ केलं. वायर लावली. खट. आणि कॉम्प्युटरवर गेजचं नाव आलं. टाळ्या वाजवल्या त्या तेव्हा.

पुढचं ऐका. ऋषी साप कुठे म्हणून विचारतोय तोवर दारात धोंडाकाकी. हातात लिंबू. म्हणाल्या, "तुजी मॅडम यायच्या आदी यंत्रावरनं उतरून टाकते. दिष्ट लागली आसंल."

मी पांढऱ्या कागदावर तो दाणा ठेवला आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

काकींनी दाणा बघितला, मग गेजवरचा उचललेला हार बघितला, आणि लिंबू टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "आंबेमव्हर हाय. आमच्या घरचाच." मग भराभरा बोलायला लागल्या. "आगं, माज्या मनात पाप न्हवतं. आशानं नुसतं गंध लावलं, यंत्राला कुंकू न्हाई. पोरांचं नवं काम, उगा आपशकून नको. तुमी सोनं वाटायला गेल्यावर आले, मागनं दोन-दोन बोटं लावली, चार दाणं वाहिलं. मागनं लावलं ते तिला दिसू नये म्हनून. तिला वाईट वाटंल."

मी म्हटलं, "आणि गिरणीत बोललात तेव्हा वाईट वाटणार नव्हतं?"

त्या खाली बसल्या. आई, मी मनात किती दिवस शब्द जमवून ठेवले होते. धारदार, एकाला एक लावून. एकही काढावा लागला नाही. त्या पदर तोंडाला लावून नुसत्या "व्हय गं, व्हय" म्हणत राहिल्या.

पण मी इतकी साधी नाही, तुम्हाला माहीत आहे. तो दाणा मी गेजच्या सुईखाली ठेवला. बरं झाल्यावर गेजनं पहिलं काय मोजलं असेल तर काकींची अक्षता. जाडी एक पूर्णांक बासष्ट मिलिमीटर. वायर जेवढी बाहेर राहत होती तेवढीच, केसाइतकाही फरक नाही. वस्तूच्या नावाच्या जागी मी 'लाल अक्षता' असं टाइप केलं आणि छापून घेतलं. काकी म्हणाल्या, "ह्ये काय आता?" मी म्हटलं, "पुरावा." तो कागद या पत्रासोबत ठेवलाय. मामींना दाखवा, मामांना दाखवा, आणि हवं तर देव्हाऱ्यात ठेवा.

ज्ञानदा मॅडम मेट्रोच्या खांबांखाली ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या म्हणून उशिरा आल्या, हीही देवाचीच कृपा. वयानं माझ्याएवढ्याच, पण नजर अशी की बुश बोलायला लागावा. मी एकेक बुश सुईखाली ठेवत गेले, आकडे उतरत गेले. मध्येच त्यांनी स्वतः चार-पाच उचलून दिले, हे मोजा, आता हे मोजा. ऋषी लेथपाशी उभा राहून तोच तोच हात पुसत होता. एकही आकडा रेघेबाहेर गेला नाही. तुमच्या लेकाच्या हाताची मी फार स्तुती करत नाही, पण काल करावी लागली.

काकी गेल्या नव्हत्या. न सांगता घरात जाऊन चहा करून आणला, आणि कोपऱ्यात ट्रे धरून उभ्या होत्या. मॅडमनी गेजवरचा वाळलेला हार बघितला, त्यावरचं गंध बघितलं, आणि हसून म्हणाल्या, "आमच्याकडेही दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा होते. फक्त आधी भोकांवर चिकटपट्टी लावतो. इथली पूजा कोणी केली?"

मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाल्या, "तिच्या सासूनं. लई चांगला हात हाय तिचा."

आई, मी तिथे मॅडमसमोर रडले असते. कसंबसं प्रिंटरकडे वळून कागद सारखे करत बसले. मॅडमनी सही केली, म्हणाल्या, सोमवारपासून माल पाठवते. झालं. काम आपलं झालं. तुम्ही जागा दिलीत तेव्हा गावात म्हणत होते ना, गोठ्यात कुणी कारखाना काढतं का? त्या सगळ्यांच्या दारापुढून सोमवारी कंपनीचा टेम्पो जाणार आहे, आणि मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगणार आहे.

मॅडम गेल्यावर मी काकींना म्हटलं, मॅडमसमोर बोललात ते गिरणीत बोला. काकी कचरल्या. "एवढ्या बायांत?" मी म्हटलं, "तेव्हाही तेवढ्याच होत्या."

मला वाटलं टाळतील. आज सकाळी मी भाजणीचा डबा घेऊन निघाले तर त्या ज्वारीचं गाठोडं घेऊन दारात तयार उभ्या. गिरणीत गर्दी होती, जात्याचा आवाज चालू होता. काकी मोठ्यानं म्हणाल्या, "बायांनो, ऐका." कुणालाच ऐकू गेलं नाही. मला वाटलं, झालं, बोलून मोकळ्या झाल्या, आता निघतील. पण त्या पुढे गेल्या आणि सायलीला म्हणाल्या, "जरा थांबीव गिरण." सायलीनं बटण बंद केलं. सगळीकडे एकदम शांत. काकी म्हणाल्या, "आशाच्या हाताला म्या हितं नाव ठिवलं व्हतं. तिचा काय दोष न्हाई. तांदूळ माजा व्हता. यंत्र माज्यामुळं बंद पडलं." कुणीतरी विचारलं, कसला तांदूळ? मग त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, मागून लावलेल्या बोटांसकट. कुणी हसलं नाही. गंगूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मग आता आशाला आणायला कोन जातंय?" आणि माझ्याकडे बघितलं.

काकींवर मी अजून पूर्ण विरघळलेले नाही. थोडा राग ठेवलाय, दिवाळीपुरता. पण गिरणी थांबवून बोलायला जिगर लागते, तेवढं त्यांचं मान्य केलं पाहिजे. घरी येताना त्यांनी माझा डबाही स्वतःच्या डोक्यावर घेतला.

तर गुरुवारी ऋषी गाडी घेऊन येईल. भात कापून झालेलं असो नाहीतर नसो. शुक्रवारी वसुबारस आहे. गोठ्यात आता गाय नाही, तरी दरवर्षी तुम्ही त्या उंबऱ्यावर दिवा लावता आणि काही वेळ तिथेच बसता. यंदा तो उंबरा अंधारात ठेवायचा नाही. लक्ष्मीपूजनाला वर्कशॉपची पूजा पुन्हा करायची आहे, तुम्हीच. काकी म्हणाल्यात, ताट मी धरते. करंडा ताटात असेल. कुंकू लावावंसं वाटलं तर लावा, गंधच बरं वाटलं तर गंध लावा. गेजला दोन्ही सारखंच. पण काय लावायचं ते तुमच्या मनानं ठरवा, दुसऱ्याच्या तोंडानं नको. भोकाला मी चिकटपट्टी लावून ठेवीन.

आणि हार. तो अजून तिथेच आहे. पार वाळलाय, टेबलावर पाकळ्या पडतात, त्या मी रोज पुसून घेते. काल सगळी मोजणी त्या हारासकट झाली, मॅडमची सही त्या हारासमोर झाली. मी तो काढणार नाही, ऋषीला काढू देणार नाही. तुम्ही घातलाय, तुम्हीच येऊन काढायचा.

मामा-मामींना नमस्कार. बसनं एकट्या येऊ नका, गाडीची वाट बघा.

तुमच्या हाताला कुणाला नाव ठेवू न देणारी,
तुमची सून,
क्षितिजा